फुटबॉलच्या मेहनतीचें माप



तालमींतला वस्ताद पठ्ठ्याला जोर-बैठकांचा आंकडा सांगतो आणि तो पुरा होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहतो. फुटबॉलला हा हिशेब पुरत नाहीं. एकाच तासांत मधल्या फळीचा मुलगा सारखा धांवतो, तर गोलरक्षक बराच वेळ उभा असतो. आणि सारखेंच धांवलेल्या दोघांपैकीं एकाला तें सहज वाटतें, तर दुसऱ्याला धाप आवरत नाहीं. शिक्षकाच्या वहींत मात्र सर्वांपुढें ‘एक तास सराव’ एवढेंच लिहिलें जातें. हें माप वेळेचें झालें, मेहनतीचें नव्हे.

मेहनतीची पहिली साक्ष नाडीची. धांवणें थांबतांच मनगटावर बोटें ठेवावीं. दहा सेकंदांत २७ ठोके भरले, तर मिनिटाला १६२ झाले. मोठ्या सामन्यांत खेळाडूच्या हृदयाची गति सरासरीनें त्याच्या कमाल गतीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असते. ही कमाल गति २२० मधून वय वजा करून काढण्याची चाल रूढ आहे. पण तो केवळ अंदाज होय, आणि एखाद्याच्या बाबतींत तो दहाबारा ठोक्यांनीं सहज चुकतो.

सोलापुरांत या हिशेबांत ऊनही धरावें लागतें. एप्रिल-मे महिन्यांत येथला पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि मुलांचीं उन्हाळी शिबिरें नेमकीं त्याच सुटींत भरतात. उन्हांत शरीर थंड राखण्यासाठीं रक्ताचा मोठा वांटा त्वचेकडे वळतो, घामावाटे अंगांतलें पाणी घटतें, आणि तेवढ्याच कामासाठीं हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. पौषांतल्या सकाळीं मैदानाला घातलेल्या चार फेऱ्या आणि वैशाखांतल्या उन्हांत घातलेल्या चार फेऱ्या कागदावर सारख्या दिसल्या, तरी देहाला त्या सारख्या नसतात.

दुसरी साक्ष खुद्द खेळाडूची. श्रमाची जाणीव आंकड्यांत सांगण्याची मोजपट्टी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनीं तयार केली. तिच्या आधारें अमेरिकेंतील कार्ल फॉस्टर यांनीं एक सोपी रीत बसविली. सराव संपल्यावर सुमारें अर्ध्या तासानें विचारावें, ‘आज एकंदर किती कठीण गेलें?’ विश्रांतीला शून्य, कमाल श्रमाला दहा. उत्तराला मिनिटांनीं गुणावें. ६० मिनिटांचा, ५ गुणांचा सराव ३०० भरतो. ४० मिनिटांचा, ८ गुणांचा ३२०. म्हणजे तोकडा सरावच अधिक जड ठरला! २००४ सालीं इंपेलिझेरी व त्यांचे सहकारी यांनीं तरुण फुटबॉलपटूंवर ही रीत हृदयाच्या ठोक्यांशीं ताडून पाहिली, तेव्हां दोहोंचा मेळ बऱ्याच अंशीं बसला.

मोठे संघ आज छातीला पट्टे बांधतात आणि उपग्रहाच्या साहाय्यानें धांव मोजणारीं जाकिटें घालतात. परंतु किती अंतर कापलें हें सांगणारें यंत्र त्या अंतरानें मुलाला किती शिणविलें हें सांगत नाहीं. त्यासाठीं एक वही, एक घड्याळ आणि एक प्रश्न पुरेसा आहे.

मात्र तो प्रश्न चारचौघांत विचारूं नये. संघांतून वगळला जाण्याच्या भीतीनें ‘आठ’ वाटलेला मुलगा ‘तीन’ म्हणतो, आणि त्या खोट्या तिनावर दुसऱ्या दिवसाचा सराव बेतला जातो. प्रत्येकाला बाजूस घेऊन विचारावें, आणि ‘आठ’ म्हणणाऱ्याची थट्टा होऊं देऊं नये. उन्हांत खेळणारा मुलगा अडखळूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, तर आंकड्याची वाट पाहूं नये. खेळ थांबवून त्याला सावलींत न्यावें, गार पाण्यानें अंग भिजवावें, वारा घालावा आणि तत्काळ डॉक्टरांना बोलवावें.

आईबापांनींही शिबिराहून परतलेल्या मुलाला ‘किती गोल केलेस?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘आज किती कठीण गेलें?’ हेंही विचारावें. उत्तर शांतपणें ऐकून घेतलें, तर उद्यां तो खरा आंकडा सांगेल. आणि खऱ्या आंकड्यावांचून कोणतेंही माप खरें ठरत नाहीं.