पिवळी रेघ

(मंडळाच्या कोजागरीच्या सभेत, जानकीपुरम येथे, दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



कोजागरीच्या रात्री, गच्चीवर दूध आटत असताना, आपणांवर विज्ञानाचे व्याख्यान ऐकण्याची पाळी यावी हा आपल्या कार्यकारिणीचा दोष. आणि ते देण्याचे आम्ही कबूल केले, हा आमचा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आयुष्य गेले ते केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे लिहिण्यात. तेव्हा अणू आणि प्रकाश या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आमच्यापाशी एकच उत्तर आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र दिनाच्या समारंभात, याच मंडळाच्या व्यासपीठावरून, आम्ही एक चुकीचे विधान केले होते. ते मागे घेण्यासाठी जो अभ्यास करावा लागला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

विधान असे होते : "हेलियम हे मूलद्रव्य १८६८ साली आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधून काढले." टाळ्या भरपूर पडल्या. घरापासून इतक्या दूर, गोमतीच्या काठी, कोकणातल्या किल्ल्याचे नाव सूर्याशी जोडले गेले की कोणाला आनंद होणार नाही? सभा संपल्यावर आपल्यातल्याच एका कुटुंबातील, अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी एक मुलगी जवळ आली आणि नम्रपणे म्हणाली, "काका, त्या वर्षी लॉकयर भारतात होते, हे तुम्ही कुठे वाचलंत?" आम्ही म्हणालो, "अगं, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे." ती काही बोलली नाही. पण "सर्वांनाच ठाऊक आहे" हा शेरा कोणत्याही फायलीवर चालत नाही, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. त्याची सुरुवात आकाशात नसून स्वयंपाकघरात आहे. पलीकडे शेगडीवर जे दूध तापते आहे, ते उतू जाऊन ज्योतीवर पडले तर निळी ज्योत क्षणभर पिवळी होईल. चिमूटभर मीठ टाकले तर ती अधिकच पिवळी दिसेल. हा पिवळा रंग सोडियमचा. मीठ सांभरचे असो वा मुंबईकडच्या मिठागराचे, रंगात तिळमात्र फरक पडत नाही. हा प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता, पिवळ्या जागी एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेघा तेवढ्या उठून दिसतात. त्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. १८५९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी सिद्ध केले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेघा ठरलेल्या असतात. एकाच्या रेघा दुसऱ्याच्या नसतात. थोडक्यात, रेघ ही मूलद्रव्याची स्वाक्षरी होय. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरने १८१४ साली ज्या काळ्या रेघा पाहिल्या होत्या, त्यांतील दोन नेमक्या सोडियमच्या जागी होत्या. सूर्यावर सोडियम आहे, हे माणसाला पृथ्वीवर बसून कळले.

या शोधाला नऊ वर्षे होतात न होतात तोच, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, भारतातून दिसणारे खग्रास सूर्यग्रहण आले. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणपर्यंत जात होता. चंद्राने सूर्यबिंब झाकले की त्याच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसतात. त्या ज्वालांच्या रेघा पाहाव्यात, या हेतूने ठिकठिकाणी शास्त्रज्ञ दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक घेऊन बसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल बसले होते. प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे हे चिरंजीव. पावसाळ्याचे दिवस, ढगांचा लपंडाव. मिळालेल्या थोड्या क्षणांत हर्शेल यांना तीन ठळक रेघा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेघ सोडियमचीच असावी, असे त्यांनी मानले. ती जागा इतकी जवळची होती की, तसे वाटणे स्वाभाविक होते.

मग लॉकयर कोठे होते? ते इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेघा पाहता येतील, अशी त्यांची अटकळ होती आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच त्यांनी ती खरी करून दाखविली. जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे तेच साधले होते. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी येऊन पडली! पिवळ्या रेघेची जागा काळजीपूर्वक मोजता ती सोडियमच्या जागी नसून किंचित बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरवर आहे, असे निघाले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची अशी रेघ नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्यास 'हेलियम' म्हणू लागले. पुढे १८९५ साली विल्यम रॅमसे यांना ते एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत, पृथ्वीवरच, सापडले.

येथे कोणी विचारील की, विजयदुर्गाची कथा मग आली कोठून? ती अगदीच निराधार नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले. त्या वेळी लॉकयर खरोखरच विजयदुर्गास आले होते. 'मेलपोमीनी' या आरमारी जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीस होते. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' लोक त्यांच्याच नावाने दाखवितात. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. म्हणजे लॉकयर खरे, विजयदुर्ग खरा, ग्रहण खरे. फक्त ग्रहण तीस वर्षे नंतरचे, आणि हेलियम तोवर तीन वर्षांपूर्वीच हाती आलेले. दोन फायली एकत्र बांधल्या गेल्या, एवढेच.

परंतु खरा प्रश्न यापुढेच आहे. मूलद्रव्याला ठरलेल्या रेघाच का? आणि हेलियम जर सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा आहे, तर त्याची पिवळी रेघ सूर्याच्या नेहमीच्या प्रकाशातील काळ्या रेघांत का सापडली नाही? तिच्यासाठी सूर्याच्या कडेवरील ज्वालाच का पाहाव्या लागल्या?

१८६८ साली याचे उत्तर कोणापाशी नव्हते. १९०० साली मॅक्स प्लांक यांनी सुचविले की, ऊर्जेची देवघेव ठरावीक पुंजांतच होते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी, प्रकाश स्वतःच अशा पुंजांनी बनलेला मानावा, असे प्रतिपादिले. आणि १९१३ साली नील्स बोर यांनी हा विचार अणूस लावला. अणूतील इलेक्ट्रॉनाला वाटेल तेवढी ऊर्जा धारण करता येत नाही. तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आमच्यासारख्या नोकरदारास हे समजणे फारसे कठीण नाही. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. वेतन या घरात असेल किंवा त्या घरात. दोन घरांमधल्या रेघेवर कोणाचेही वेतन निश्चित होत नाही. इलेक्ट्रॉन वरच्या घरातून खालच्या घरात उतरतो (आपल्यापैकी कोणावर अशी वेळ न येवो!) तेव्हा दोन घरांतील फरक तो प्रकाशाच्या एका पुंजाच्या रूपाने एकरकमी परत करतो. त्यात हप्ते नाहीत. फरक मोठा असेल तर प्रकाश निळ्या-जांभळ्याकडे झुकतो, लहान असेल तर तांबड्याकडे. घरे ठरलेली, म्हणून फरक ठरलेले. फरक ठरलेले, म्हणून रेघा ठरलेल्या.

आता सोडियम आणि हेलियम यांचे तक्ते शेजारी ठेवू. शास्त्रज्ञ ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापाने मोजतात. सोडियमचा इलेक्ट्रॉन तळघरातून २.१ मापे वर चढतो आणि तेवढाच खाली उतरतो. पिवळा प्रकाश निघतो. हेलियमच्या पिवळ्या रेघेतील उतरणही सुमारे २.१ मापांचीच आहे. हर्शेल यांची गल्लत झाली ती त्यामुळे. दोन्ही रंग जवळजवळ सारखे. पण हेलियमची ही उतरण तळाशी नाही. ती २३ मापांवरून २१ मापांवर येण्याची आहे! म्हणजे त्या इलेक्ट्रॉनाला आधी सोडियमच्या अकरापट उंच चढवावे लागते. आपल्या शेगडीत ते बळ नाही. फुग्यातला हेलियम ज्योतीवर सोडला तरी ज्योत पिवळी होणार नाही. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सियस. तेथेही हेलियमचे जवळजवळ सर्व अणू तळघरातच बसून असतात आणि पिवळ्या प्रकाशाला हात लावीत नाहीत, म्हणून काळी रेघ उमटत नाही. त्याहून वरच्या, विरळ पण अधिक तप्त थरांत आणि ज्वालांत काही अणूंना एवढी चढण साधते, आणि तेथे रेघ झळकते. जमखंडीस तिचे दर्शन चंद्राच्या आडोशाने व्हावे, याचे कारण असे अणूच्या आत होते.

येथे आमची वेतनश्रेणीची उपमा संपते, हेही सांगितले पाहिजे. बोर यांच्या चित्रात इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरत होते. ते चित्र हायड्रोजनला लागू पडले, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपुढे त्याने हात टेकले. १९२५-२६ साली हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी नवी पुंजयामिकी मांडली, तेव्हा कोठे हेलियमच्या रेघांचा उलगडा झाला. या नव्या शास्त्रात इलेक्ट्रॉनाला ठरलेला मार्गच नाही. तो कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. सोडियमचा वर चढलेला इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागात खाली येतो. परंतु अमुक एक अणू नेमका केव्हा उतरेल, याचा आदेश कोणीही काढू शकत नाही. लाखो अणूंचा हिशेब अचूक, एकाचा मात्र अनिश्चित. हे आमचे अज्ञान नव्हे, निसर्गाची रीतच अशी आहे, असे आजवरचे प्रयोग सांगतात.

लखनऊचेही या कथेत काही देणेघेणे आहे. नवाब नसीरुद्दीन हैदर यांनी आरंभिलेली वेधशाळा, तारोंवाली कोठी, १८४९ साली बंद झाली. आज तेथे स्टेट बँक आहे आणि तारकांच्या जागी आम्ही पासबुके पाहतो. पुढे लखनऊ विद्यापीठातील डी. बी. देवधर (क्रिकेटमधले नव्हेत!) यांचा हायड्रोजनच्या वर्णपटावरील निबंध १९२६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आणि आज याच जानकीपुरमच्या विस्तारात, छत्तर मंझिलमधून येथे आलेल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत, कोणता रेणू कोणता प्रकाश शोषतो यावरून नव्या औषधांची ओळख पटविली जाते. आपल्या गल्लीत पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते. आता एलईडीचे आले. दोहोंतही इलेक्ट्रॉनांची तीच उतरण आहे.

असो. त्या दिवशीचे आमचे विधान आज आम्ही याच व्यासपीठावरून, इतिवृत्तात नोंद व्हावी अशा विनंतीसह, मागे घेत आहोत. ते मागे घेताना आमच्या हातून काही गेले, असे आम्हांस वाटत नाही. जमखंडीचे ढगाळ आकाश, जेऊरचा तळ आणि विजयदुर्गाचे ओटे ही आपली खरी मिळकत आहे. तिच्यावर दुसऱ्याच्या शोधाचा बोजा चढविण्याचे कारण नाही. प्रांताबाहेर राहणाऱ्या माणसाला आपल्या गावाचा अभिमान जरा अधिकच असतो, आणि असावाही. पण आपली मुले जे येथे ऐकतात, ते महाविद्यालयात जाऊन तपासतात. त्यांच्यापुढे आपला शब्द टिकला पाहिजे. ज्या मुलीने आम्हांस तो प्रश्न विचारला, तिचे आम्ही ऋणी आहोत. तिच्यासारखे प्रश्न विचारणारी पिढी ज्या मंडळात वाढते, त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांची आम्हांस चिंता वाटत नाही.

डोक्यावर हा जो चंद्र आहे, त्याचा प्रकाश सूर्याचाच. उपकरण लावले तर त्यातही सोडियमच्या त्या दोन काळ्या रेघा दिसतील, नेमक्या आपल्या शेगडीतल्या पिवळ्या रेघांच्या जागी. सोडियम सूर्यावर असो, रत्नागिरीस असो वा जानकीपुरमच्या गच्चीवर, त्याची स्वाक्षरी बदलत नाही. आपणही एवढे साधले तर पुष्कळ झाले.

दूध आटले आहे, असे आतून सांगणे आले आहे.