निवृत्तीनंतरचे काम

श्रोतेहो, निवृत्त झालेला माणूस रस्त्यात भेटला की लोक विचारतात, "काय, आता आरामच ना?" पहिले दोन महिने हा प्रश्न गोड लागतो. पुढे तोच बोचू लागतो. सकाळी डबा भरायचा नाही, गाडी गाठायची नाही. मग दिवसभर करायचं काय?

नवे काम घ्यावे, तर मन म्हणते, "या वयात? ते पुरं कोण करणार?"

ही शंका आली की मला महर्षी अण्णासाहेब कर्वे आठवतात. 1891 पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. 1914 साली, छप्पन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. महिला विद्यापीठ निघाले ते त्यानंतर, 1916 मध्ये. त्याच्या प्रचारासाठी सत्तरी गाठल्यावर ते परदेशांत हिंडले. 1936 मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि 1944 मध्ये, वयाची पंचाऐंशी उलटल्यावर, समता संघ!

आता, समाजातील उच्चनीच भाव घालवणे हे काम एका माणसाच्या हातून, तेही त्या वयात, का पुरे होणार होते? अण्णासाहेब तर गणिताचे प्राध्यापक. उरलेल्या वर्षांचा हिशेब त्यांना येत नव्हता थोडाच! पण काम सुरू करणाऱ्यानेच ते संपवले पाहिजे, असा काही नियम नाही. 1962 साली, एकशे चौथ्या वर्षी, ते गेले; समतेचे काम उरलेच. ते तुमच्या-माझ्या वाट्याला आले आहे.

अर्थात, अशी प्रकृती सर्वांना लाभत नाही. जन्मभर पाठीवर ओझी वाहिलेल्या हमालाला म्हातारपणी कामाचा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल. त्याला विसावा हवा आणि पोटापुरता पैसाही हवा. परंतु ज्यांना निवृत्तिवेतन मिळते आणि ज्यांचे हातपाय धड आहेत, त्यांनी संस्थाच काढली पाहिजे असे नाही. शेजारच्या दोन मुलांचे गणित पक्के करावे. गावच्या वाचनालयातील पुस्तकांची यादी नीट लावावी. काम लहान असले तरी चालेल. मात्र कोणीतरी आपली वाट पाहत असावे.

आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न मनाशी विचारावा: माझ्यामागे हे कोण चालवील? तो माणूस शोधायचा, त्याला तयार करायचे, मग अधिकार सोडून बाजूला बसायचे. हे साधेपर्यंत, श्रोतेहो, आरामाला सवड मिळेल असे मला तरी वाटत नाही!