मालगाडीच्या इंजिनाची निवृत्ती



मेलगाडीचे इंजिन सर्वांच्या नजरेत भरते. मालगाडीच्या इंजिनाकडे पाहतो कोण? तरीही आपल्या घरचे धान्य आणि गिरणीचा कोळसा वाहिला तो त्यानेच. अशाच एका कष्टकऱ्याची, ‘डब्ल्यूजी’ जातीच्या इंजिनाची हकीकत आज आम्ही सांगणार आहो.

१ नोव्हेंबर १९५० रोजी चित्तरंजनच्या कारखान्यातले या जातीचे पहिले इंजिन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी देशाला अर्पण केले. नाव ‘देशबंधू’. आता कोणी विचारील, खंडाळ्याच्या घाटात १९३० पासूनच विजेची इंजिने चढत असता वाफेचा हा खटाटोप कशाला? उत्तर साधे आहे. कोळसा आपल्या खाणीत होता. विजेच्या तारांना मोठे भांडवल लागे आणि तेलासाठी परदेशाकडे पाहावे लागे. जे हाताशी होते त्यावर देशाने काम चालविले, यात कमीपणा नव्हता.

मात्र वाफेचे इंजिन खाई फार. कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले दहा भागही चाकापर्यंत पोचत नसत. थंड इंजिनात वाफ धरायला तास न् तास लागत. राख काढा, पाणी भरा, बॉयलर धुवा, ही सेवा वेगळीच. डिझेल व वीज आली आणि हा हिशेब तुटला.

१४ ऑक्टोबर १९६१ रोजी त्याच चित्तरंजनमध्ये तयार झालेले विजेचे पहिले इंजिन रुळावर आले. त्याचे नाव ‘लोकमान्य’. डब्ल्यूजी जातीचे शेवटचे इंजिन १९७० साली बाहेर पडले. त्याला ‘अंतिम सितारा’ म्हणतात. देशी-परदेशी कारखाने मिळून या जातीची सुमारे २,४५० इंजिने झाली. १९९५ अखेर रुंद मार्गावरची वाफेची नियमित वाहतूक थांबली. मोजकी इंजिने जतन झाली, बाकीची भंगारात गेली.

मग हे सारे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाफेच्या इंजिनांवर हात बसलेल्या कारखान्यानेच पुढे विजेची इंजिने घडविली. पण भट्टीचा रंग पाहून फावडे मारणाऱ्या फायरमनचे कसब कोणत्या नव्या यंत्रात गेले? कोणत्याच नाही. यंत्र बदलावे, ते बदलताना माणसाच्या विद्येचाही हिशेब मांडावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.