पाहिलेलें आणि ऐकलेलें

आत्मचरित्राचा पहिला अध्याय बहुधा दुसऱ्यांच्या आठवणींनीं भरलेला असतो. त्यांत लेखकानें स्वतः पाहिलेलें थोडें. ओसरीवर, माजघरांत ऐकलेलेंच फार. पुढें पन्नास वर्षांनीं दोन्ही एकजीव होतात आणि ऐकलेलेंही पाहिल्यासारखें वाटूं लागतें.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत याची मीमांसा केली आहे. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनीं इंग्रज वाचकांना वाचावयास दिली व कांहीं काळानें आठवून सांगावयास लावली. सांगतांना सीलच्या शिकारीची मासेमारी झाली! स्मृति प्रत्येक वेळीं कथा नव्यानें रचते, आणि रचतांना ओळखीचें साहित्य वापरते.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. १८५७ च्या धामधुमींत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानें वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें, असें त्या सांगतात. मीठसुद्धां धुवून घेण्यापर्यंत तें वेड गेलें होतें. तें धुणें मुलीनें डोळ्यांनीं पाहिलें, सोसलें. त्याचें कारण मात्र तिच्या जन्मापूर्वीचें, घरानें सांगितलेलें. नारायण वामन टिळकांचीं शाळेचीं पहिलीं वर्षें, १८६९ ते १८७३, कल्याणास गेलीं. विवाह झाला १८८० सालीं. पतीचें तें बालपणही लक्ष्मीबाईंना ऐकूनच ठाऊक असणार.

मग असें लेखन खोटें काय? मुळींच नाहीं. घरानें दिलेलें कारण अपुरें असेल. परंतु तेंच ऐकत मूल वाढतें, आणि बापाचा जाच त्याला समजण्याजोगा वाटतो. संस्कार घटनेइतकाच तिच्या कथेचाही होतो.

ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडे आठवणी लिहूं इच्छिणारे वडीलधारे पुष्कळ. पणजोबांनीं ठाण्यास पहिली आगगाडी पाहिली, असें एखाद्या घरांत सांगतात. ती गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजीं. पणजोबांचा जन्म १८६० चा निघाला, तर तें वाक्य खोडूं नये. ‘घरांत असें सांगत’ एवढें जोडावें. लिहिलेलें भावंडांनाही वाचून दाखवावें. थोरल्याला आठवते ती आई विशीतली, धाकट्याला आठवते ती चाळिशीतली. एक कडक म्हणेल, दुसरा मायाळू. दोघेही खरेंच सांगत असतात.