पाण्यातलं फ्लोराइड आणि उजेडाचं मोजमाप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नेमकं काय काम करतेस, ते आम्हाला समजेल असं सांग," अशी आयोजकांची अट होती. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना बँकेचं ॲप नाहीतर अमेरिकेतला क्लायंट आठवतो. माझं काम थोडं वेगळं आहे. एखाद्या द्रवात कोणता पदार्थ किती आहे, हे उजेडाच्या मदतीनं मोजणारी यंत्रं प्रयोगशाळेत असतात. त्यांच्या आतला प्रोग्रॅम मी लिहिते. या यंत्राचा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी जवळचा संबंध आहे, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलते.

सुरुवात आपल्या पाण्यापासून करू. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या तालुक्यांतल्या अनेक गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. ते कुणी पाण्यात टाकलेलं नाही. जमिनीखालच्या काही खडकांतल्या खनिजांत ते असतंच. पाणी वर्षानुवर्षं खडकाशी राहिलं की त्यात उतरतं. या पाण्याला वास नाही, वेगळी चव नाही, रंग नाही. गुंडात भरलं तर काचेसारखं स्वच्छ दिसतं.

आपल्या पिढीनं याचा परिणाम पाहिलेला आहे. काही मुला-मुलींच्या दातांवर पांढरे, खडूसारखे डाग असायचे, काहींच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. दात नीट घासत नसतील, तंबाखू खात असतील, अशीच तेव्हा सगळीकडे समजूत होती. किती मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या, आठवा. खरी गोष्ट अशी की पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, फ्लोराइड जास्त गेलं तर हे डाग पडतात. दात कितीही घासले तरी ते जात नाहीत. फार जास्त फ्लोराइडचं पाणी अनेक वर्षं पोटात गेलं, तर हाडं आणि सांधेही आखडतात.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत मुभा आहे. एक आणि दीड, एवढ्याच अंतरात बाळाला कोणतं पाणी पाजायचं ते ठरतं. पण जे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, ते मोजायचं कसं? इथं उजेड कामाला येतो.

तत्त्व आपल्या ओळखीचंच आहे. धुळवडीसाठी पळसाची फुलं उकळून आपण रंग करायचो. पातळ रंगातून पलीकडचं दिसतं, दाट रंगातून दिसत नाही. रंगाचे कण उजेड अडवतात. कण जास्त, तर अडणारा उजेड जास्त. मेख अशी की, प्रत्येक थर ठरावीक उजेड अडवत नाही, ठरावीक हिस्सा अडवतो. एका थरातून निम्मा उजेड पार झाला, तर दुसऱ्या तेवढ्याच थरातून त्याच्या निम्मा, म्हणजे पाव, आणि तिसऱ्यातून एक अष्टमांश. म्हणून आम्ही लॉगॅरिदम घेतो. निम्म्याला 0.30, पावाला 0.60, अष्टमांशाला 0.90. बघा, कशा सारख्या पायऱ्या झाल्या! या आकड्याला शोषण म्हणतात, आणि ते द्रावणाच्या तीव्रतेच्या समप्रमाणात वाढतं. बूगेर यांनी 1729 मध्ये, लँबर्ट यांनी 1760 मध्ये आणि बेअर यांनी 1852 मध्ये या नियमाचा एकेक भाग मांडला. दहावीत लॉग टेबल उघडताना "याचा पुढे काय उपयोग?" असं आपण विचारायचो. सर, माझं घर त्याच्यावर चालतं.

आता अडचण अशी की फ्लोराइडला रंगच नाही. मग दुसऱ्याचा रंग वापरायचा. झिर्कोनियम हा धातू आणि स्पॅडन्स नावाचं रंगद्रव्य यांचं लाल मिश्रण पाण्याच्या नमुन्यात घालतात. फ्लोराइडला झिर्कोनियमची ओढ जास्त. ते त्याला रंगद्रव्यापासून ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडतो. मग छोट्या काचेच्या नळीत ते द्रावण घेऊन एका बाजूनं 570 नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळसर हिरवा उजेड सोडतात आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजतात. फ्लोराइड किती आहे हे आधीच माहीत असलेली सहा-सात द्रावणं अगोदर मोजून आलेखावर त्यांची रेषा काढलेली असते. आपल्या नमुन्याचा आकडा त्या रेषेवर कुठं बसतो ते पाहायचं, की उत्तर मिळालं.

माझं खरं काम इथून पुढं सुरू होतं. या पद्धतीत सगळं उलटं आहे: फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग कमी आणि पार होणारा उजेड जास्त. म्हणजे उजेडाच्या वाटेत काहीही आडवं आलं, की यंत्राला फ्लोराइड कमी आहे असं वाटतं. नळीवर बोटाचा ठसा राहिला, फ्लोराइड कमी. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं आणि ते न गाळता तसंच मोजलं, फ्लोराइड कमी. नळीचा ठसा वाईट पाण्याला चांगलं ठरवू शकतो, हे लक्षात घ्या.

तुरटीची गोष्ट तर याहून विचार करायला लावणारी आहे. फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेनं नालगोंडा पद्धत शोधली. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. पद्धत स्वस्त आहे. पण तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात उरलं, तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं, रंग हवा तितका फिका पडत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे ज्या पाण्यावर उपचार झाला, त्याच्याच बाबतीत यंत्र जास्त खूश होऊन बोलण्याचा धोका! उलट, पाण्यात क्लोरीन राहिला तर तो रंगच उडवतो आणि आकडा जास्त दिसतो. म्हणून आधी क्लोरीन घालवावा लागतो.

शेवटची गोष्ट मर्यादेची. ही पद्धत साधारण 1.4 मिलिग्रॅमपर्यंतच विश्वासाची आहे. त्यापुढं फिका व्हायला रंगच पुरेसा उरत नाही आणि रेषा आडवी होऊ लागते. समजा, पाण्यात 4 मिलिग्रॅम आहे आणि ते तसंच मोजलं, तर फसवा, छोटा आकडा येईल. अशा वेळी यंत्रानं आकडा दाखवूच नये. "मर्यादेबाहेर. डिस्टिल्ड वॉटर घालून चौपट पातळ करा आणि पुन्हा मोजा," असं सांगावं. मग 1.0 आलं की चारनं गुणायचं. यंत्र विकणाऱ्यांना नेहमी वाटतं, पडद्यावर आकडा दिसला पाहिजे. मला वाटतं, जे कळलेलं नाही त्याबद्दल गप्प बसणं यंत्राला शिकवणं, हा माझ्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. कारण तो आकडा वाचणारी बाई प्रयोगशाळेत नसते, बोरिंगवर असते.

हेच तत्त्व गडचिरोलीत रक्ताला लावतात. पूर्वी हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीनं बघायचे: रक्तात आम्ल घालून आलेला तपकिरी रंग काचेच्या पट्टीशी डोळ्यांनी जुळवायचा. तपासणाऱ्याची नजर आणि खोलीतला उजेड बदलला की आकडाही बदलायचा. पुढं 540 नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडानं मोजणं सुरू झालं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे तीव्र. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथल्या बाईला पूर येण्याआधी मोठ्या दवाखान्यात न्यायचं की नाही, याचा निर्णय 6.8 आणि 7.4 मधल्या फरकावर येऊन ठेपू शकतो. मात्र सिकलसेल आहे की नाही हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. कोणत्या प्रश्नाचं उत्तर यंत्र देत नाही, तेही ठाऊक असायला हवं.

आता थोडी विनंती. आपल्यापैकी बरेच जण गावात शेती करतात, कुणी सरपंच झाले, कुणी शिक्षक आहेत. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. किटमध्ये रंग डोळ्यांनी जुळवतात; त्यावरून शंका येते, पक्का निकाल प्रयोगशाळेचा. म्हणून आपल्या बोरिंगचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. निकालाचा कागद आला की "पिण्यायोग्य" एवढंच वाचून ठेवून देऊ नका, फ्लोराइडसमोरचा आकडा वाचा. नमुना केव्हा घेतला ते विचारा. एका बोरिंगचं पाणी चांगलं निघालं म्हणून शेजारचं चांगलं असेलच असं नाही.

आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते दाट होतं. घरच्या आज्या, सुना, सगळ्यांना हे सांगा. पाणी खराब निघालं, तर निदान लहान मुलांच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तरी दुसऱ्या, तपासलेल्या ठिकाणाहून आणा. दातांवरचे डाग एकदा पडले की परत फिरत नाहीत. पण पुढच्या मुलाच्या दातांवर ते पडू न देणं आपल्या हातात आहे.

शाळेतल्या प्रयोगवहीत नुसता आकडा लिहिला की बाई लाल शाईनं विचारायच्या, "एकक कुठाय? निरीक्षण किती वेळा घेतलं?" तेच दोन प्रश्न पाण्याच्या निकालाला विचारायचे आहेत.