आडनाव एक, उगम अनेक
(साखरखेर्डा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



महादजी शिंद्यांची कवायती पायदळे उभारणारा द बॉइन आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. १७५१ साली साव्होय प्रांतातल्या शांबेरी गावी तो जन्मला. घराण्याचे नाव होते लबोर्न्य, म्हणजे काणा. कुणा पूर्वजाला गावाने अशी हाक मारली असेल आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चिकटली असेल. पोराने मात्र ते नाव टाकून द बॉइन हे भारदस्त नाव घेतले. त्याच्यामागून शिंद्यांची फौज सांभाळणारा पेराँ हाही जन्माने क्युइये. पिएर या त्याच्या स्वतःच्या नावाचे लाडके रूप म्हणजे पेराँ, आणि इतिहासात तो त्याच नावाने राहिला.

फ्रेंच आडनावांची मुळे मुख्यतः चार. अंगलक्षणावरून लबोर्न्य. धंद्यावरून लफेव्र, म्हणजे लोहार. ठिकाणावरून द्युपाँ, म्हणजे पुलाजवळचा. चौथे मूळ बाप्तिस्म्याच्या नावाचे. आपल्याकडेही काळे-गोरे आहेत, लोहार-सुतार आहेत आणि गावावरून आलेले 'कर' तर पावलोपावली आहेत.

ही नावे लोकांच्या तोंडी जन्मली. कागदाने ती पक्की केली. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने चर्चला बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावले. राज्यक्रांतीनंतर १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव वापरायला बंदी केली. आपला वऱ्हाड १८५३ साली इंग्रजी कारभाराखाली गेला. पुढे जमिनीची मोजणी आली, शाळा आल्या आणि गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात जे लिहिले ते आडनाव कायम झाले. एका भावाला वतनावरून लिहिले आणि दुसऱ्याला गावावरून, की पुढच्या पिढीत दोन आडनावे तयार!

म्हणूनच आडनावांची शिरगणती जपून वाचावी लागते. फ्रान्समध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव मार्तँ. चौथ्या शतकातल्या तूर शहराच्या संत मार्टिनवरून लोक मुलांची नावे ठेवत गेले आणि ठिकठिकाणी त्या नावाची स्वतंत्र घराणी झाली. सगळे मार्तँ एका आजोबाची नातवंडे नाहीत. आपल्या पाटलांचे तसेच. गावोगाव पाटीलकी होती, म्हणून पाटील उदंड. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद गेले, आडनाव राहिले. आपल्याच तालुक्यातले सिंदखेडराजाचे जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांना जोडतात. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक जाधवाची वाट सिंदखेडला येत नाही.

'कर'वाल्यांची गोष्ट आणखी गमतीची. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून कोण हाक मारणार? इथे तर सगळेच साखरखेर्ड्याचे. माणूस दुसऱ्या मुलखात गेला, की तिथले लोक त्याला त्याचे गाव चिकटवतात. एखाद्या गावावरून आलेले आडनाव मोजायचे असेल, तर त्या गावाबाहेरच शोधावे लागते.

आणि वरून लादलेले नाव टिकतेच असे नाही. १७२४ साली निजामुल्मुल्काने इथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेखेर्डा ठेवले. सरकारी दप्तरात ते बराच काळ चालले. आज आपण सारे साखरखेर्ड्यातच बसलो आहोत!

तेव्हा घराण्याचा शोध घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की नुसत्या आडनावावर थांबू नका. कुलदैवत विचारा, मूळ गाव विचारा. तहसिलीत जुने कोतवाल बुक असेल तर पाहा, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी उघडून घ्या. आणि आजीचे माहेर लिहून ठेवायला विसरू नका. घराण्याचा अर्धा इतिहास तिच्याकडून आलेला असतो आणि आडनावात त्याची नोंदच होत नाही.