परदेशातील मावशी



मुले परदेशी गेली की घरची माणसे प्रथम विचारतात, "जेवलास का?" त्या प्रश्नाआड दुसराच प्रश्न असतो : तिथे तुझे आपले असे कोणी आहे का? डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात या प्रश्नाचे सुंदर उत्तर सापडते. त्या चरित्राचा कोल्हापूरशी जवळचा संबंध आहे.

त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते. कोल्हापुरात नोकरीस असताना त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा डोकावली. पुढे तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या सौ. कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असता तो अंक सहज त्यांच्या हाती पडला. ओळख ना देख, तरी त्यांनी पत्र धाडले. धर्म बदलण्याची कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. त्यानंतर सुमारे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

एप्रिल १८८३ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी आनंदीबाई पतीविना कलकत्त्याहून जहाजात बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घरी न्यायला मावशी होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात थंडी आणि आजारपण सोसावे लागले. पण साडी आणि शाकाहार सुटला नाही. मावशींनीही तो सोडण्याचा आग्रह धरला नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थी अमेरिकेस मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत सन्मानाने ठेवण्यात आल्या. परकी मुलगी त्या घराची लेक झाली होती.

बंधू-भगिनींनो, एकाकी माणसाला धीर देण्यास मोठी संपत्ती लागत नाही. एक पत्र आणि उघडे दार पुरते. मात्र त्या दारावर अट नसावी. आज कित्येक घरांतील मुले परदेशी एकटी राहतात, आणि तिथे त्यांना एखादी मावशी भेटावी, अशी प्रत्येक आईची इच्छा असते. तशीच कोणाची तरी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी कोल्हापुरात एकटी राहतात. त्यांच्या आयाही हीच इच्छा मनी धरून असतात. येत्या रविवारी आपल्या गल्लीतील अशा एका मुलाला जेवावयास बोलवावे. प्रथम त्याला एवढेच विचारावे, "बाळ, तू काय खातोस?"

जय जिनेंद्र!